बजेट पीसीसाठी एसएमपीएस (पॉवर सप्लाय) कुठला घ्यावा? कॅबिनेटसोबत येणारा चालेल का?

एडिटवाला_बार्शी

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच स्वतः पीसी जुळवतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. मी बार्शीला असतो, लग्न, साखरपुडा, जावळ, वास्तुशांती अशी शूटिंगची कामं घेतो आणि एडिटिंग घरीच करतो. आत्तापर्यंत सात वर्षं जुन्या लॅपटॉपवर ढकलत आणलं पण आता कॅमेरा फोर-के झाला आणि लॅपटॉप टाइमलाइन उघडली की हाशहुश करायला लागतो, म्हणून यंदा सिझन सुरू व्हायच्या आत डेस्कटॉप उभा करायचाय.

पार्ट जवळजवळ ठरलेत. प्रोसेसर रायझन ५ ५६००, बी५५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड आरएक्स ६६००, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि जुन्या डेटाच्या दोन मोठ्या हार्ड डिस्क (३.५ इंची) आहेत त्या लावणार. या सगळ्यात बजेट जवळपास संपलं, आता कॅबिनेट आणि एसएमपीएस मिळून पाच-साडेपाच हजार उरलेत, तेही ओढून ताणून.

गावातला दुकानदार म्हणतो काचेचं कॅबिनेट, तीन लाइटवाले फॅन आणि आतच ४५० वॅटचा एसएमपीएस बसवलेला, सगळं २८०० ला देतो. मला तर बरं वाटलं, अडीच हजार वाचतात, त्यात अजून एक रॅमची स्टिक निघते. पण माझा मावसभाऊ पुण्यात आयटीत आहे, तो म्हणतो हात लावू नकोस, ७५० वॅट गोल्डच घे, नाहीतर कार्ड जळेल. तो गोल्ड बघितला तर एकटाच सात हजारांच्या वर. एक म्हणतो फुकटातला चालतो, एक म्हणतो सात हजारांचाच पाहिजे, माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय.

अजून एक, आमच्याकडे लाईटचा काही भरवसा नाही. संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं, फ्रिजला स्टॅबिलायझर लावलाय. घरात ६०० व्हीएचा एक यूपीएस आहे, आधीच्या पीसीचा, बॅटरी गेल्या वर्षीच बदलली. तो पुरेल का?

लोकांच्या लग्नाचा डेटा असतो हो माझ्याकडे, परत शूट करता येत नाही. म्हणून विचारतोय.

---

सोल्डर_आणि_फ्लक्स

मित्रा, बरं झालं घ्यायच्या आधी विचारलंस. माझं सांगलीत रिपेअरिंगचं काम आहे, टेबलावर रोज एसएमपीएस उघडे पडलेले असतात, त्यामुळे जे सांगतोय ते हातानं बघितलेलं सांगतोय.

आधी एवढं कर, दुकानात जा आणि त्या कॅबिनेटमधल्या एसएमपीएसचं स्टिकर वाच. वर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं आहे त्याच्याकडे बघूच नको, खाली बारीक अक्षरात तक्ता असतो, त्यात +३.३, +५, +१२ असे रकाने असतात, त्यातल्या +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघ आणि त्या आकड्याला १२ ने गुण. जे उत्तर येईल तेवढेच वॅट तुझ्या उपयोगाचे. कारण असं की वीसेक वर्षांपूर्वी बोर्ड बरीचशी पॉवर ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्टवरून घ्यायचे, तेव्हाच्या एसएमपीएसची रचना तशी होती. आता प्रोसेसर १२ व्होल्टवर, ग्राफिक्स कार्ड १२ व्होल्टवर, फॅन, हार्ड डिस्कची मोटर, सगळं १२ व्होल्टवर. ५ आणि ३.३ वर किरकोळ काम उरलंय. पण स्वस्तातल्या मालात डिझाइन अजून तेच जुनं, ५ व्होल्टला भरपूर अँपिअर दाखवायचे, ३.३ ला दाखवायचे, सगळ्याची बेरीज मारायची आणि वर ४५० छापायचं. तो आकडा कधीच एका वेळी मिळत नाही.

आता तुझा हिशोब. ५६०० वर ६५ वॅट लिहिलेलं असतं पण तो प्रत्यक्षात बोर्डावरच्या सॉकेटमधून ७६ पर्यंत घेतो. आरएक्स ६६०० चं पूर्ण कार्ड १३२ वॅट घेतं. हे झाले २०८. बोर्ड, रॅम, एनव्हीएमई, फॅन मिळून ४० धर. दोन हार्ड डिस्क चालू असताना आठ-आठ, म्हणजे १६. एकूण २६४ च्या आसपास, तेही सगळं एकदम फुल चाललं तर. हार्ड डिस्क सुरू होताना काही सेकंद दोन-दोन अँपिअर ओढतात, पण तेव्हा कार्ड आरामात असतं. म्हणजे तुझ्या मावसभावाचे ७५० ही नकोत. चांगल्या कंपनीचा ५५० वॅट ब्राँझ घे, तो निम्म्या लोडवर चालेल, फॅन शांत राहील आणि उद्या कार्ड बदललंस तरी तोच कामाला येईल.

गोल्डबद्दल. ८० प्लस म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती पीसीला पोचते आणि किती उष्णता होऊन जाते त्याची टक्केवारी, बाकी काही नाही. पांढऱ्या दर्जाला ८०, ब्राँझला निम्म्या लोडवर ८५, गोल्डला ९०. हे ११५ व्होल्टच्या चाचणीचे आकडे, आपल्या २३० वर थोडं अजून बरं मिळतं. तुझ्या २६४ वॅटला ब्राँझ भिंतीतून ३१० घेईल आणि गोल्ड २९३. फरक १७ वॅटचा. रोज सहा तास रेंडर मारलंस तरी महिन्याला तीन युनिट. त्या तीन युनिटसाठी वरचे तीन-साडेतीन हजार टाकायचे तर आठ-दहा वर्षांत वसूल होतील, ते पैसे बॅकअपच्या डिस्कला लाव. हां, पण ८० प्लसचं स्टिकरच नसेल, नुसतं "हाय एफिशियन्सी" छापलेलं असेल तर तो माल सोडून दे.

आता जे महत्त्वाचं आहे ते. एसएमपीएसवर जास्त पैसे का टाकायचे, तर तो मरताना एकटा मरावा म्हणून. चांगल्या युनिटमध्ये प्रोटेक्शन असतात, व्होल्टेज चढलं तर बंद, उतरलं तर बंद, करंट जास्त गेला तर बंद, शॉर्ट झाला तर बंद, तापला तर बंद. स्वस्तातल्यात यातलं एखाद-दुसरं असतं आणि तेही वेळेवर काम करेल याची खात्री नाही.

मागच्या दिवाळीच्या आधी एक जण पीसी घेऊन आला, तुझ्यासारखाच शूटिंगवाला. म्हणाला रात्री बंद करून झोपलो, सकाळी बटन दाबलं तर काहीच नाही. एसएमपीएस कॅबिनेटसोबत आलेला होता. मी उघडला. आत जिथं लाइन फिल्टरची कॉइल असायला पाहिजे तिथं कॉइलच नव्हती, दोन तारेचे तुकडे टाकून जागा जोडलेली होती. हीटसिंक म्हणजे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, बोटानं वाकत होता. आणि जो कोपरा काळा पडला होता तो स्टँडबायचा. एसएमपीएसमध्ये ५ व्होल्टची एक स्टँडबाय लाइन असते, पीसी बंद असला तरी प्लग चालू असेपर्यंत ती चालू असते, तिच्यामुळेच तर बटन दाबल्यावर मशीन उठतं. स्वस्त सर्किटमध्ये त्या लाइनच्या फीडबॅकला एक छोटा कपॅसिटर असतो, तो उष्णतेनं सुकला की व्होल्टेजवरचा ताबा सुटतो आणि ५ च्या जागी बरंच जास्त बोर्डात जातं. मालक झोपलेला, पीसी बंद, आणि बोर्ड मेला. बोर्डाबरोबर यूएसबीला लावून ठेवलेली बाहेरची डिस्कही गेली, त्यात दोन लग्नं होती. डिस्कचं सर्किट बदलून एक निघालं, दुसरं नाही निघालं. तो माणूस माझ्या दुकानात खाली बसला होता, मला अजून आठवतं.

म्हणून सांगतो, अडीच हजार तिथं वाचवू नको. कॅबिनेट साधं घे, पत्र्याचं, काच नको, लाइट नको, फक्त पुढून जाळी असलेलं घे म्हणजे हवा जाईल. १८००-२००० मध्ये मिळतं. उरलेल्यात ५५० ब्राँझ बसतो. कोर्सेअर सीएक्स५५०, डीपकूल पीके५५०डी, एमएसआय एमएजी ए५५०बीएन, कूलर मास्टर एमडब्ल्यूई ५५० ब्राँझ, यातला जो त्या दिवशी स्वस्त असेल तो. किंमत रोज बदलते म्हणून आकडा लिहीत नाही. बिल पक्कं जीएसटीचं घे आणि त्यावर सिरीयल नंबर टाकून घे, वॉरंटीला तेच लागतं.

आणि एक, एसएमपीएस स्वतः कधी उघडू नको. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चारशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात.

---

एडिटवाला_बार्शी

दादा खूप खूप आभार, एवढं कोणी समजावून सांगत नाही. आत्ताच दुकानात जाऊन आलो, स्टिकरचा फोटो काढलाय. +१२ च्या खाली १४ अँपिअर लिहिलेत. म्हणजे १६८ वॅट. ४५० चे १६८!! मी दुकानदाराला दाखवलं तर तो म्हणाला हे सगळे असेच येतात, मी शंभर विकलेत, कुणाची तक्रार नाही.

आणि त्यात कार्डला लागणारी ८ पिनची वायरच नाहीये. तो म्हणाला कन्व्हर्टर देतो, दोन जुन्या चार पिनवाल्या मोलेक्सवरून एक ८ पिन करणारा, ऐंशी रुपयाला. तो चालेल का म्हणजे जर नवीन एसएमपीएस यायला वेळ लागला तर तात्पुरता?

---

सोल्डर_आणि_फ्लक्स

नाही. तात्पुरताही नाही. तुझा प्रोसेसर आणि कार्ड मिळून २०८ झाले, १२ व्होल्टला लिहिलेत १६८. आणि लिहिलेत तेवढे तरी देईल का हा वेगळा प्रश्न. ८ पिनच्या प्लगची क्षमता १५० वॅटची असते, म्हणून एसएमपीएसमध्ये ती वायरच दिलेली नाही याचा अर्थ बनवणाऱ्यालाच माहितीये की हा माल ग्राफिक्स कार्डासाठी नाही. दुकानदार खोटं बोलत नसेल, त्यानं विकलेले शंभर पीसी हिशोबाचे, बिलिंगचे असतील, त्यात कार्डच नसतं, ते सत्तर-ऐंशी वॅटवर चालतात. तुझं काम वेगळं आहे.

मोलेक्सच्या कन्व्हर्टरची पिन सैल झाली की तिथं तापते, प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग वितळतं. माझ्याकडे असे चार-पाच काढून ठेवलेत, गिऱ्हाइकाला दाखवायला.

एसएमपीएस येईपर्यंत बाकीचे पार्ट बॉक्समध्येच राहू दे.

---

कट्ट्यावरचा_बिल्डर

थोडं वेगळं मत मांडतो. मी पुण्यात शिकतो आणि मित्रांचे पीसी जुळवून देतो, आत्तापर्यंत वीसेक झाले असतील. वरच्या दादांचं स्वस्त एसएमपीएसबद्दल शंभर टक्के पटलं, पण ५५० च हवा असं नाही. २६४ वॅटला चांगला ४५० ब्राँझसुद्धा साठ टक्क्यांवर चालेल, एएमडी स्वतः आरएक्स ६६०० ला कमीत कमी ४५० सांगते. चारशे-पाचशे रुपये वाचले तर एनव्हीएमई ५१२ ची १ टीबी करायला हातभार लागतो, फोर-के फुटेजला ५१२ म्हणजे एका लग्नात भरते. फक्त त्या ४५० मध्ये १२ व्होल्टची लाइन ३६ अँपिअरच्या आसपास आहे ना आणि ८ पिनची कार्डाची वायर आहे ना एवढं बघून घ्यायचं.

बाजारात नवीन एटीएक्स ३.० आणि ३.१ लिहिलेले एसएमपीएस आलेत, त्यात १६ पिनची नवी वायर येते, तीही तुला नको. ते मोठ्या कार्डांसाठी, क्षणभरात दुप्पट पॉवर ओढणाऱ्या. ६६०० ला एक साधी ८ पिन लागते, संपलं.

आणि कुणी म्हणेल की ऑफिसमधले जुने ब्रँडेड डेस्कटॉप भंगारात मिळतात त्यातला एसएमपीएस काढून लाव, क्वालिटी चांगली असते. क्वालिटी खरंच चांगली असते, पण ते २४०-२९० वॅटचे असतात, बऱ्याचशांचा बोर्डाचा प्लग आपल्या २४ पिनचा नसून कंपनीचा स्वतःचा असतो आणि कार्डाची वायर नसते. मी एकदा त्यात दोन दिवस घालवलेत.

---

सोल्डर_आणि_फ्लक्स

४५० चालेल हे बरोबर आहे, गणितात काही चूक नाही. मी ५५० म्हटलं ते दोन कारणांनी. कॅबिनेट तीन-चार वर्षांनी बदलत नाही, एसएमपीएस पण बदलत नाही, पण कार्ड बदललं जातं आणि आरटीएक्स ३०६० सारखं १७० वॅटचं कार्ड घेतलं तरी एनव्हिडिया ५५० लिहिते. दुसरं म्हणजे उन्हाळा. बार्शीत मे महिन्यात बंद खोलीत दुपारी काय होतं ते त्याला माहिती आहे. कमी लोडवर चालणारा युनिट कमी तापतो आणि कपॅसिटरचं आयुष्य तापण्यावर असतं. पण हातात पैसे नसतील तर चांगला ४५० हा वाईट ६५० पेक्षा केव्हाही चांगला, यात वाद नाही.

---

वायरमन_अमरावती

सगळ्यांनी एसएमपीएसबद्दल लिहिलं, त्याच्या मागच्या भिंतीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय. माझं लायसन आहे, घरांची वायरिंग करतो.

भाऊ, तुमच्या घरी अर्थिंग आहे का ते आधी बघा. तीन पिनचं सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नसते. जुन्या घरांत वरच्या जाड भोकात वायरच जोडलेली नसते, किंवा बोर्डात आणून नुसती सोडून दिलेली असते. आधीच्या पीसीच्या कॅबिनेटला अनवाणी पायानं हात लावल्यावर झिणझिण्या येत होत्या का? येत असतील तर तिथंच उत्तर आहे. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलवरून पत्र्याला जोडलेले असतात, हे मुद्दाम केलेलं असते, त्यांचा बारीक करंट अर्थिंगमधून जमिनीत जायला पाहिजे. अर्थिंग नसली की पत्र्यावर निम्मं व्होल्टेज, एकशे पंधराच्या जवळपास, तरंगत राहते. माणसाला झिणझिणी येते, पण त्याच पत्र्याला तुमची एचडीएमआय आणि यूएसबीची वायर जोडलेली आहे. कॅमेऱ्याची वायर लावताना ठिणगी उडते ती यामुळेच. पोर्ट जातात. आणि खरंच कधी फेज पत्र्याला लागला तर अर्थिंगशिवाय एमसीबी पडत नाही.

मल्टिमीटर एसीवर ठेवा. फेज ते न्यूट्रल बघा, फेज ते अर्थ बघा, हे दोन्ही जवळजवळ सारखे यायला पाहिजेत. मग न्यूट्रल ते अर्थ बघा, दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे. वीस, चाळीस, साठ असं काही आलं तर अर्थिंग खराब किंवा नाहीच. जमत नसेल तर वायरमनला बोलवा, तो दहा मिनिटांत सांगेल. आणि कोणी म्हणालं की अर्थ आणि न्यूट्रल सॉकेटमध्येच जोडून टाकू, मीटर बरोबर दाखवते, तर त्या माणसाला घरातून बाहेर काढा. न्यूट्रल कुठं तुटला तर पूर्ण कॅबिनेटवर फेज येतो, जीव जातो. खड्डा करून, मीठ-कोळसा घालून किंवा तयार केमिकलवाली पाइप टाकून अर्थिंग करायची, आणि उन्हाळ्यात खड्डा सुकतो म्हणून आठवड्यातून बादलीभर पाणी टाकत जायचं. माझ्या गिऱ्हाइकांना मी तुळशीशेजारीच खड्डा करून देतो, म्हणजे पाणी आपोआप पडते.

आता १८० व्होल्टचं. चांगल्या एसएमपीएसच्या स्टिकरवर इनपुट १००–२४० लिहिलेलं असते, त्याला १८० मध्ये काहीच होत नाही, स्टॅबिलायझरची गरज नाही. पण काही मॉडेलवर २००–२४० लिहिलेलं असते, तुमच्या गावात ते घेऊ नका. घेताना बॉक्सवर हे नक्की वाचा. खरी भीती उतरण्याची नाही, चढण्याची आहे. डीपीवर न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या घरात तीनशे-साडेतीनशे व्होल्ट येतात, त्यात कोणताच एसएमपीएस टिकत नाही. त्यासाठी मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेजचं कटऑफ बसवता येते, महाग नाही, पूर्ण घराचं सामान वाचते.

आता यूपीएस. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. तुमचा पीसी भिंतीतून ३१० घेणार, मॉनिटर पंचवीस-तीस. झाले ३४०. काठावर आहे. टाइमलाइनवर काम करताना लाईट गेली तर सांभाळून घेईल, पण रेंडर फुल चालू असताना लाईट गेली तर यूपीएस किंचाळून बंद पडू शकते. सेव्ह करून बंद करायला एक-दोन मिनिटं मिळतील एवढ्याच आशेवर ठेवा, आणि जमेल तेव्हा १००० व्हीए म्हणजे ६०० वॅटचा घ्या. हार्ड डिस्कवर लिहिणं चालू असताना करंट गेला की काय होते ते तुम्हाला माहिती असेल.

घरी इन्व्हर्टर असेल आणि पीसी त्यावर घ्यायचा असेल तर मागच्या बाजूला यूपीएस मोड आणि नॉर्मल किंवा इको मोड असं बटन असते, ते यूपीएस मोडवर ठेवा. इको मोडमध्ये लाईटवरून बॅटरीवर यायला वेळ लागतो, तेवढ्यात पीसी रिस्टार्ट होते. एसएमपीएस लाईट गेल्यावर साठवलेल्या कपॅसिटरवर सोळा-सतरा मिलिसेकंदच तग धरते, आणि स्वस्तातलं तर तेवढंही नाही. चांगला एसएमपीएस घेतला की जुना यूपीएससुद्धा नीट काम करायला लागते ते यामुळे. इन्व्हर्टर साइन वेव्हचा पाहिजे, स्क्वेअर वेव्हवर चालवू नका.

---

घरून_काम_चिपळूण

वायरमन दादांनी छान लिहिलंय. मी कोकणातली, आमच्याकडे अजून एक त्रास म्हणजे पाल. एसएमपीएस बंद असला तरी आत ऊब असते, पावसाळ्यात मागच्या जाळीतून पिल्लू आत शिरलं आणि सकाळी चालू करताना फाट्कन आवाज आणि जळका वास. तेव्हापासून मी रात्री भिंतीवरचं बटन बंद करते, आणि कॅबिनेटच्या मागची ग्राफिक्स कार्डाच्या शेजारची उघडी फट असते ना तिला पट्टी लावून बंद केली. टेबलावर ठेवा, जमिनीवर नको. खाली एसएमपीएसचा पंखा जमिनीकडे तोंड करून असतो, सगळा केर तोच ओढतो. फिल्टरची जाळी सरकवून काढता येते, महिन्यातून एकदा नळाखाली धुवायची आणि पूर्ण वाळल्यावर परत लावायची.

---

एडिटवाला_बार्शी

मंडळी, पंधरा दिवसांनी लिहितोय, मधे दोन लग्नं होती. सांगायला आलोय की झालं.

काचेचं कॅबिनेट सोडलं. साधं काळं जाळीचं घेतलं १९०० ला, सोलापूरवरून, आणि ५५० ब्राँझ ऑनलाइन मागवला, त्या दिवशी यादीतला जो कमी होता तो, बजेटच्या दोनशे रुपये वर गेलो. बॉक्सवर इनपुट १००–२४० वाचलं मगच उघडला. हातात घेतल्यावरच फरक कळतो हो, दुकानातला तो एका हातात खेळण्यासारखा उचलला जात होता, हा चांगला जड आहे.

जोडताना एके ठिकाणी अडकलो ते सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाचा वेळ वाचेल. ८ पिनच्या दोन वायरी येतात, एकीवर सीपीयू लिहिलेलं असतं आणि ती चार-चार अशी फुटते, दुसरीवर पीसीआयई लिहिलेलं असतं आणि ती सहा-दोन अशी फुटते. मी सीपीयूची वायर कार्डात घालायला बघत होतो, बसेना, जोर लावणार होतो तेवढ्यात थांबलो आणि लिहिलेलं वाचलं. जोर लावायचा नाही, बरोबर वायर असली की टक् आवाज करून बसते.

अर्थिंगचं तर विचारू नका. मल्टिमीटर शेजारच्या मोटर रिवाइंडिंगवाल्या काकांकडून आणला. न्यूट्रल ते अर्थ ६८ व्होल्ट. काका म्हणाले अर्थिंग नाहीच. बोर्ड उघडला तर हिरवी वायर आत गुंडाळून ठेवलेली, स्क्रूला लावलेलीच नाही, म्हणजे घर बांधल्यापासून अकरा वर्षं तशीच. वायरमनला बोलवलं, त्यानं ती जोडली, खड्ड्याची जोडणी गंजली होती ती साफ करून घट्ट केली, पाणी घातलं, मग १.४ व्होल्ट आले. जुन्या पीसीला हात लावला की आई म्हणायची मुंग्या येतात, आम्ही म्हणायचो तुझे हात ओले आहेत. आईचं बरोबर होतं.

सोल्डर दादा, तुमच्यासाठी आकडे. रिकाम्या मोलेक्समध्ये पिवळ्या आणि काळ्या वायरला मीटर लावून बघितलं, नुसतं डेस्कटॉपवर १२.१, आणि बावीस मिनिटांचं फोर-के एक्सपोर्ट चालू असताना १२.०५ च्या खाली गेलं नाही. बरोबर आहे ना? एसएमपीएसच्या मागून येणारी हवा कोमट आहे, गरम नाही.

यूपीएस सध्या जुनाच ठेवलाय, एक्सपोर्ट चालू असताना मुद्दाम बटन बंद करून बघितलं, एकदा टिकला, दुसऱ्यांदा लाल लाइट लागून बंद पडला. १००० चा दिवाळीनंतर घेणार, तोपर्यंत संध्याकाळी एक्सपोर्ट लावत नाही, पहाटे लावतो, तेव्हा लाईट सहसा जात नाही.

---

सोल्डर_आणि_फ्लक्स

एकदम बरोबर आहे. १२ व्होल्टला पाच टक्के खाली-वर चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. तुझा तर हलतच नाहीये. बघितलंस ना, सॉफ्टवेअरमध्ये न बघता मीटरनं बघितलंस हे चांगलं केलंस, बोर्डाचं सेन्सर बऱ्याचदा चुकीचं दाखवतं.

एकच कर, यूपीएस मुद्दाम बंद करायचा प्रयोग आता परत करू नको, त्या वेळी हार्ड डिस्क लिहीत असेल. आणि त्या दोन जुन्या डिस्क किती वर्षांच्या आहेत ते सांग, त्यांचा स्मार्ट रिपोर्ट (डिस्कची तब्येत सांगणारा) काढून इथं टाक.

---

एडिटवाला_बार्शी

एक सहा वर्षांची आहे, एक नऊ. रिपोर्ट काढायला कुठलं सॉफ्टवेअर लागतं ते सांगा, रात्री टाकतो. नऊवालीतला डेटा आधी उचलायला सुरुवात केलीये.